आमेनच्या आधी

“…आणि हे पित्या, या घरात ज्या कोणाला वाटतं की लेकराला वचन नाही आलं तरी चालेल, पण पोळीला तूप मात्र पाहिजेच, तिला तू सद्बुद्धी दे,” आई म्हणाली, आणि मी मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटून घेतले.

नाव घेतलं नव्हतं. प्रार्थनेत आई कधीच कुणाचं नाव घेत नसे. पण आमच्या घरात पोळीला तूप लावणारी बाई एकच होती, आणि ती माझ्या उजव्या हाताला चटईवर बसली होती. आईचं आमेन झालं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मग माझ्या बायकोची, प्रमिलाची पाळी आली.

“हे प्रभू,” प्रमिला म्हणाली. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि इंजेक्शन देण्याआधी जो गोड आवाज काढायची, तोच तिने आत्ता काढला होता. “तू लेकरांना जवळ घेतलंस तेव्हा त्यांच्याकडून आधी पाठांतर म्हणून घेतलं नाहीस, याबद्दल तुझे फार फार आभार मानते. आमेन.”

आम्ही पुन्हा आमेन म्हटलं.

आमच्या घरातली भांडणं ही अशी, डोळे मिटून होत. बाहेरच्या कुणी पाहिलं असतं तर म्हणाला असता, काय भाविक कुटुंब आहे. आणि भाविक आम्ही होतोच, त्यात खोटं काही नव्हतं. रोज दिवेलागणीला चटई अंथरायची, एक भजन म्हणायचं, मग आधी आई, मग प्रमिला, मग आमची दहा वर्षांची दीना, मग पाच वर्षांचा शैलू आणि शेवटी घरचा कर्ता म्हणून मी, असं एकेकाने प्रार्थना करायची आणि मग जेवायला बसायचं. नियम आईने घालून दिलेले होते. दुसऱ्याची प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायचं नाही. डोळे उघडायचे नाहीत. आणि काही झालं तरी आमेन झाल्याशिवाय जागचं उठायचं नाही. एकदा दूध उतू गेलं होतं तरी कुणी उठलं नव्हतं.

मी तेव्हा शेवगावच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. दिवसभर माईकवर गाड्या पुकारायचो. नेवाशाची गाडी, पाथर्डीची गाडी, कोणती फलाटाला लागली आणि कोणती रद्द झाली, हे माझ्या आवाजात अख्खा तालुका ऐकायचा. घरी आलो की मात्र माझा माईक बंद. माझं नाव शांतवन भिंगारदिवे. आईने मोठ्या हौसेने ठेवलेलं, आणि त्यातला शांत राहण्याचा भाग मी इमानाने पाळत आलो.

माझे वडील, आप्पा, वारल्यावर आई गावाहून, वडाळ्याहून, आमच्याकडे राहायला आली. गावच्या चर्चच्या मंडळीत तिने आयुष्यभर मुलांची रविवारची शब्बाथ शाळा चालवली होती. तिच्या हाताखालून गेलेली मुलं आता पाळक झाली होती, मास्तर झाली होती, आणि तिच्यापुढे आली की अजूनही हात मागे बांधून उभी राहायची. तिचा कायदा साधा होता. रविवारी बायबलमधलं वचन पाठ नसेल तर ताट नाही. मी आणि माझा धाकटा भाऊ रत्नाकर त्याच कायद्यात वाढलो, आणि दोघंही उपाशी मेलो नाही.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग एका रविवारी दीनाला वचन आलं नाही. आईने तिचं ताट उचलून कपाटावर ठेवलं. पोरगी दुपारपर्यंत भिंतीला टेकून पुटपुटत बसली. प्रमिला ड्यूटीवरून आली, तिने ते पाहिलं, ताट खाली काढलं आणि आईच्या डोळ्यांसमोर दीनाला स्वतःच्या हाताने भरवलं. वरून पोळीला तूप लावलं. कुणी कुणाला एक शब्द बोललं नाही, पण त्या दिवसापासून दोघींचं एकमेकींशी थेट बोलणं जवळजवळ संपलं. मीठ-पाणी हवं असेल तर मुलांमार्फत, बाजारहाटाचं माझ्यामार्फत, आणि मनातलं सगळं देवामार्फत. मी अडकित्त्यातल्या सुपारीसारखा मध्ये बसून दोन्हीकडच्या प्रार्थनांना आमेन म्हणायचो.

त्या वर्षी नवरात्रात शेजारच्या गंध्यांच्या मेधाने दीनाला भोंडल्याला बोलावलं. अंगणात पाटावर हत्ती मांडायचा, त्याच्याभोवती मुलींनी फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी झाकून ठेवलेली खिरापत ओळखायची. दीनाला त्यातली खिरापत ओळखण्याची मोठी ओढ. प्रमिलाने जा म्हटलं. आईने माझ्याकडे पाहून म्हटलं, “शांतवन, हत्तीभोवती फेर धरायचा म्हणजे काय, ते मला समजावून सांग.” मी सांगणार एवढ्यात प्रमिलानेही माझ्याकडेच पाहून म्हटलं, की शैलूच्या वेळी गंधेकाकूंनी तिला महिनाभर डबा पुरवला, तेव्हा तो डबा कोणत्या देवाचा हे या घरात कुणी विचारलं नव्हतं. दोघींचंही मला पटलं. हीच माझी जन्माची अडचण. मी स्टँडवर जायची वेळ झाली म्हणालो आणि सायकल काढली.

दीना भोंडल्याला गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईच्या प्रार्थनेचा नूरच वेगळा होता. आवाज कापत होता. तिने पित्याला सांगितलं, की जी आई स्वतःच्या लेकीचा आत्मा हातचा घालवते तिला क्षमा कर, तिला कळत नाही ती काय करते आहे.

पुढची पाळी प्रमिलाची. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग ती म्हणाली, “हे प्रभू, ज्यांना आमच्या घरात त्रास होतो, त्यांना जिथे सुख मिळेल तिथे तू नेऊन पोचव. आमेन.”

आणि आम्ही सगळे सवयीने आमेन म्हणालो. शैलू म्हणाला. दीना म्हणाली. मीही म्हणालो. माझं आमेन ओठांबाहेर पडल्यावर मला त्याचा अर्थ लागला. सगळ्यांत खणखणीत आमेन आईचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत असताना आई दारात येऊन उभी राहिली.

“शनिवारच्या पहिल्या पुणे गाडीत माझी एक जागा धरून ठेव,” ती म्हणाली. “रत्नाकरकडे जाते.”

“आई, रागाच्या भरात…”

“राग कसला? मागणं झालं, सगळ्यांनी आमेन म्हटलं. तूही म्हणालास. मी ऐकलं.”

आमेन म्हणजे असंच होवो. तुम्ही-आम्ही ते जांभई दिल्यासारखं म्हणतो, पण आईच्या लेखी तो सही-शिक्का होता. एकदा उमटला की उमटला. मी पुष्कळ समजावून पाहिलं. रत्नाकर खडकीला दोन खोल्यांत राहायचा, नवरा-बायको दोघंही दिवसभर कामावर. आई तिथे बाहेरून कुलूप घातलेल्या दारामागे बसून राहिली असती. तिला ते माहीत होतं आणि मलाही. आणि एकदा गेल्यावर ती परत आली नसती, हेही मी जाणून होतो. आमच्या आईने एखादं दार ओढून घेतलं की ती मागे वळून पाहणारी नव्हती.

स्वयंपाकघरात प्रमिला भांडी आपटत होती. मी तिला म्हटलं, की तू एकदा थेट बोल. ती म्हणाली, “मला तसं म्हणायचं नव्हतं.” मी म्हटलं, हेच जाऊन सांग. तर म्हणे, त्यांनी विचारलं तर सांगेन. इकडे आई म्हणे, तिने थांबवलं तर पाहीन. दोघींच्या मध्ये एक भिंत आणि एक मी, आणि दोघांचाही काही उपयोग नव्हता. प्रमिलाचे डोळे मात्र लाल होते, आणि तो कांदा नव्हता.

गुरुवारी शाळा सुटल्यावर दीना स्टँडवर आली. कधी नव्हे ती माझ्या खिडकीच्या आत येऊन स्टुलावर बसली. दीना आजीजवळ झोपायची. आजीचा पदर बोटाला गुंडाळल्याशिवाय तिला झोप येत नसे. तिची आई रात्रपाळीला असली की तिची वेणी आजीने घातलेली, आणि परीक्षेच्या दिवशी तिच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करायची तीही आजीच.

“पप्पा,” ती म्हणाली, “आमेन परत घेता येतं का?”

“मला नाही वाटत.”

“मग तुम्ही का म्हणालात?”

नेवाशाची गाडी लागली होती, ती मी दोनदा पुकारली. माईक खाली ठेवला तेव्हाही दीना माझ्याकडे बघतच होती. मग ती उतरली, दप्तर खांद्याला लावलं आणि घरी गेली. मला त्या वेळी एवढंच कळलं की पोरगी माझ्यावर रुसली आहे.

शुक्रवार उजाडला तसा मावळायलाही लागला. जागा मी धरून ठेवली होती, दुसरं काय करणार. आईची पत्र्याची ट्रंक खाटेखालून निम्मी बाहेर आली होती. लुगडी दोरीवर वाळत होती म्हणून भरायची राहिली होती. जेवणं झाली की भरते, असं आईने शैलूला सांगितलं, म्हणजे ते आम्ही ऐकावं म्हणून सांगितलं. प्रमिला दवाखान्यातून लवकर आली आणि कुणालाही न विचारता शेंगोळे करायला बसली. हुलग्याच्या पिठाचे, लसणाची फोडणी दिलेले गरम शेंगोळे म्हणजे आईचा जीव की प्राण. पीठ मळताना प्रमिलाने मान वर केली नाही, आणि वास सगळ्या घरात पसरला तरी आईने एकदाही तिकडे पाहिलं नाही. मला वाटलं, या दोन बायका जे एकमेकींना सांगत आहेत ते मला ऐकू येतंय, फक्त त्यांनाच येत नाही.

चटई अंथरली. भजन म्हटलं. आईने प्रार्थना केली, आणि तिच्यात एकही टोमणा नव्हता. पावसापाण्यासाठी, आजाऱ्यांसाठी, वडाळ्याच्या मंडळीसाठी, दोन्ही मुलांच्या घरांसाठी. इतकी सरळ प्रार्थना तिने गेल्या वर्षात केली नव्हती. मला तीच जास्त लागली. प्रमिलानेही दोन वाक्यांत आटोपलं. मग दीनाची पाळी आली.

दीनाची प्रार्थना नेहमी ठरलेली असे. आजच्या दिवसाबद्दल आभार, मम्मी-पप्पा-आजी-शैलू यांना आशीर्वाद, गणिताचा पेपर सोपा जाऊ दे, आमेन. त्या दिवशी तिने आभार मानले, सगळ्यांना आशीर्वाद मागितले आणि थांबली. मला वाटलं, झालं. मी आमेन म्हणायला तोंड उघडलं.

“प्रभू येशू,” दीना म्हणाली, “मला आज तुला पुष्कळ सांगायचंय. मध्ये कुणी बोलायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे, तो तुला माहीतच आहे.”

मी तोंड मिटलं.

“पहिलं म्हणजे भोंडल्याचं. दुसऱ्या दिवशी आजी मला न्यायला आली होती. ती आत आली नाही, फाटकातच उभी राहिली. हत्तीकडे तिने पाठ केली होती, ते तू पाहिलंच असशील. मग खिरापत कुणालाच ओळखता येईना. आम्ही करंजी म्हणून झालं, शिरा म्हणून झालं, चिवडा म्हणून झालं. मेधाची आजी म्हणाली, हरलात का? तेव्हा आमची आजी फाटकातूनच म्हणाली, वाटली डाळ. आणि डाळच होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी आजीला द्रोणात दिली. तिने दोनदा घेतली. घरी सांगू नकोस म्हणाली. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही, फक्त तुला सांगते. तिला शिक्षा करू नको. तिने ती जिंकली होती.”

माझ्या डाव्या बाजूला आईच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. नियम म्हणजे नियम. ती मध्ये बोलू शकत नव्हती.

“दुसरं मम्मीचं. मी डबा द्यायला दवाखान्यात गेले होते, तेव्हा कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारी होती. ती आपल्यातली होती. तिला खूप धाप लागली होती आणि ती मम्मीचा हात सोडत नव्हती. ती म्हणाली, बाई, मला मेंढपाळाचं स्तोत्र म्हणून दाखव. मम्मी म्हणायला लागली, पण अर्ध्यात अडकली. ती अंधाऱ्या दरीची ओळ येते ना, तिथे. मम्मीने दाराकडे पाहिलं, तिथे मी उभी होते. मम्मीने मला खूण केली. मग मी पुढचं हळूच सांगत गेले आणि मम्मी मोठ्याने म्हणत गेली. म्हातारी हसली. मग ती झोपली, आणि दुसऱ्या दिवशी ती खाट रिकामी होती. मम्मी म्हणाली, आजीला सांगू नकोस. प्रभू, मम्मी नेहमी म्हणते की आजी आम्हाला घोकणारे पोपट करते. पण त्या दिवशी मम्मीला पोपटानेच सांगितलं.”

आता माझ्या उजव्या बाजूला श्वास अडकला. शैलूने माझा सदरा ओढला, मी त्याचा हात दाबून धरला.

“तिसरं आमेनचं. परवाचं पप्पांचं आमेन धरू नकोस. ते न ऐकताच म्हणतात, नेहमीच. शैलूचंही धरू नकोस, तो लहान आहे. माझंही धरू नकोस, मला वाटलं मम्मी पाहुण्यांबद्दल म्हणतेय. म्हणजे आता फक्त मम्मीचं आणि आजीचं राहिलं. त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही. आता मी आमेन म्हणणार नाही. मी म्हटलं की शैलूचं होईल, मग पप्पांचं होईल, मग जेवण होईल आणि मग आजी ट्रंक भरेल. म्हणून मी इथेच थांबते.”

आणि ती खरंच थांबली.

दिवे गेले होते, कंदिलाची वात फरफरत होती. बाहेर गंध्यांच्या रेडिओवर बाजारभाव सांगत होते. कुणी हललं नाही. मी घरचा कर्ता. काहीतरी करायला हवं होतं, पण काय करणार? पोरीने आईचाच कायदा आईपुढे मांडून ठेवला होता. मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. मला भीती वाटत होती की आई आता संतापेल, तिचं गुपित सगळ्यांपुढे उघडं पडलं होतं. ती जर त्या क्षणी उठून गेली असती तर सकाळच्या गाडीचीही वाट पाहिली नसती.

“शेंगोळे गार होतील,” शैलू कुजबुजला.

शेवटी मी नियम मोडला. एक डोळा किलकिला करून पाहिलं.

आईचे डोळे उघडे होते. प्रमिलाचेही उघडे होते. दोघी माझ्या अंगावरून एकमेकींकडे बघत होत्या. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. दीना तेवढी डोळे घट्ट मिटून, हात जोडून, ओठ आवळून बसली होती. प्रमिलाचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. मग तिच्या नाकातून आवाज आला आणि कळलं, ती हसू दाबतेय.

“आई,” ती म्हणाली, “कशावरून ओळखलीत?”

तूप-वचनाच्या त्या रविवारनंतर तिने आईला थेट विचारलेला हा पहिला प्रश्न.

आईचा चेहरा लाल झाला होता. “वासावरून कळतं,” ती अखेर म्हणाली. “हिंग जास्त पडला होता त्यांचा.” आणि मग, जरा वेळाने, “कोणत्या शब्दाला अडकलीस?”

प्रमिलाने सांगितलं. आईने ती ओळ म्हटली, तिच्या शब्दाशब्दावर बोट ठेवून शिकवायच्या आवाजात. प्रमिलाने मागून म्हटली. आईने पुढची म्हटली, प्रमिलाने तीही म्हटली. तिचं हसणं केव्हाच संपलं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटच्या ओळीपर्यंत दोघी बरोबरच म्हणत गेल्या. शब्बाथ शाळेत बसल्यासारखा मी ऐकत होतो. माझ्या घरात मी इतकं सुंदर काही ऐकलं नव्हतं, हे मी आजही म्हणतो.

“ती म्हातारी कुठली होती?” आईने विचारलं.

“भातकुडगावची. नाव विचारायचं राहून गेलं.”

“तिचा हात धरून होतीस ना? मग झालं.”

दीना हललेली नव्हती. मी हळूच म्हटलं, “बाळ, बास आता. आमेन म्हण.” तिने मानेने नाही म्हटलं. डोळे मिटलेलेच.

“प्रभू,” ती म्हणाली, “आजी जाणार आहे का, तेवढं सांग.”

आम्ही सगळेच उत्तराची वाट पाहत बसलो. देव काही बोलला नाही. आईने लुगड्याच्या पदराने तोंड पुसलं.

“त्याला कशाला विचारतेस?” ती म्हणाली. “मी इथे बसलेय ना समोर. मला विचार.”

दीनाने डोळे उघडले. “आजी, तू जाणार आहेस?”

आईने प्रमिलाकडे पाहिलं. मला वाटलं, आता पुन्हा दोघी माझ्याकडे वळणार. पण प्रमिलाने माझ्याकडे बघितलंही नाही.

“आई, नका जाऊ,” ती म्हणाली. “परवाचं मी तुम्हाला लागावं म्हणूनच म्हटलं होतं. आणि लागलं म्हटल्यावर माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये.”

“माझ्या तरी कुठे उतरतोय,” आई म्हणाली. “मीही कमी नाही बोलले. लेकीचा आत्मा घालवतेस म्हणाले. मरणाऱ्या बाईला स्तोत्र म्हणून दाखवणारी तो कसा घालवेल?” तिने नाक ओढलं. आई रडताना मी आप्पांच्या मातीच्या दिवशी पाहिली होती, त्यानंतर आत्ताच. मग ती दीनाकडे वळली. “तुझं आमेन अजून व्हायचंय ना गं?”

“हो.”

“मग म्हणूच नकोस.”

दीना बघत राहिली. मीही बघत राहिलो. आमेन नीट ठणठणीत म्हटलं नाही म्हणून जिने मला लहानपणी कितीदा पुन्हा म्हणायला लावलं होतं, ती हे सांगत होती.

“आमेन झाल्याशिवाय या घरातून कुणी उठत नाही,” आई म्हणाली. “नियम माझाच आहे. मला तो मोडता यायचा नाही.”

शैलूला एवढंच कळलं होतं, की आमेन नाही म्हणजे जेवण नाही. त्याने रडायलाच सुरुवात केली. प्रमिलाने डोळे पुसले, स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि मग आईकडे पाहिलं.

“आई, मग मी उठू का?”

“वाढायला उठलं तर चालतं,” आई म्हणाली. “जायला उठायचं नाही.”

प्रमिला उठली. शेंगोळे पार गार झाले होते. तिने ते पुन्हा स्टोव्हवर ठेवले, आणि ते गरम होईपर्यंत आम्ही सगळे तसेच प्रार्थनेत बसून राहिलो.